रुबिनस्टाइनमधला संगीतकार कॉन्झर्व्हेटरीमुळे मागे पडला का?

प्रश्न असा आहे: अंतोन रुबिनस्टाइन हा एकोणिसाव्या शतकातला रशियन संगीतकार. पियानोवादक म्हणून तो थेट लिस्टच्या, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या पियानोवादकाच्या, पंक्तीला बसवला जायचा. त्याने सहा सिम्फनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना), पाच पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) आणि वीसच्या आसपास ऑपेरा लिहिले, रशियातली पहिली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं उच्च शिक्षण देणारी संस्था, उभी केली. तरी आज त्याच्या रचना फारशा का वाजत नाहीत? संस्था चालवण्याच्या खटाटोपात त्याच्यातला संगीतकार वाया गेला का?

माझ्या मते नाही. मी आयुष्यभर पियानो शिकवत आले आणि त्यातली बरीच वर्षं एका संगीतशाळेची संचालकही होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. वेळापत्रक, फी, परीक्षा, शिक्षकांची भांडणं यांत दिवस गेला की संध्याकाळी पियानोसमोर बसताना हात जड झालेले असतात, हे मी अनुभवलंय. म्हणून 'प्रशासनाने कलावंत खाल्ला' हे वाक्य ऐकलं की पटकन पटतं. पण रुबिनस्टाइनच्या बाबतीत तारखा समोर ठेवल्या की ते टिकत नाही. (आर्थर रुबिनस्टाइन हा विसाव्या शतकातला पोलिश पियानोवादक वेगळा. दोघांचं नातंही नाही.)

आधी तो या कामात पडला कसा, ते सांगते. कारण ते कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

जन्म 1829 चा, आजच्या मोल्दोव्हाच्या भागातल्या एका खेड्यातला. घराणं ज्यू. तो दोन वर्षांचा असताना आजोबांनी सगळ्या कुटुंबाला बाप्तिस्मा घ्यायला लावला. पुढे वडिलांनी मॉस्कोत पेन्सिलींचा छोटा कारखाना काढला. पियानोचे पहिले धडे आईकडे, मग व्हिल्वाँ नावाच्या शिक्षकाकडे, ज्यांनी त्याला फी न घेता शिकवलं. 1839 मध्ये, नऊ वर्षांचा असताना, मॉस्कोत पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि पुढच्याच वर्षी गुरूने त्याला पॅरिसला नेलं. तिथे लिस्ट भेटला, पोलिश संगीतकार शोपँ भेटला. लहानग्या मुलाला गावोगाव फिरवून वाजवायला लावायचं, तसा तीन वर्षांचा युरोप दौरा झाला. मग आईने दोन्ही मुलांना बर्लिनला नेलं आणि तिथे अंतोन सिगफ्रीड डेनकडे हार्मनी आणि काउंटरपॉइंट (सूर एकत्र जुळवण्याचं आणि अनेक चाली एकमेकींत गुंफण्याचं शास्त्र) शिकला. हे डेन म्हणजे आधीच्या पिढीतला रशियन संगीतकार ग्लिंका याचेही शिक्षक.

1846 मध्ये वडील वारले, आई धाकट्या निकोलायला घेऊन मॉस्कोला परतली आणि सोळा वर्षांचा अंतोन व्हिएन्नात एकटा राहिला. लिस्टकडे मदतीच्या आशेने गेला, तर बुद्धिमान माणसाने आपली वाट आपणच काढावी, असं उत्तर मिळालं. मग शिकवण्या, अर्धपोटी दिवस आणि रात्री लिहिलेल्या रचना. 1848 च्या क्रांत्यांमुळे रशियाला परतला, तर सरहद्दीवर जकातवाल्यांनी हस्तलिखितांची पेटीच जप्त केली. स्वरलिपीत काहीतरी गुप्त राजद्रोही मजकूर असावा, असा त्यांना संशय आला. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग मुद्दाम सांगते. स्वरलिपी म्हणजे काय हेच जिथे सरकारी माणसाला माहीत नव्हतं, त्या देशात हा माणूस व्यावसायिक संगीतकार व्हायला निघाला होता.

आता ज्या प्रसंगावर सगळं उभं आहे तो. त्याने आपल्या आठवणींत तो सांगितला आहे. सेंट पीटर्सबर्गच्या कझान कॅथीड्रलमध्ये तो धर्मविधीसाठी गेला. वहीत नोंद करणाऱ्याने विचारलं, नाव आणि हुद्दा काय? रुबिनस्टाइन, कलावंत. म्हणजे नाटकशाळेत नोकरीला? नाही. कुठे शिकवता? नाही. सरकारी नोकरी? नाही. मग तुम्ही आहात तरी कोण? शेवटी वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि नोंद झाली: दुसऱ्या श्रेणीच्या व्यापाऱ्याचा मुलगा.

अर्ध्या युरोपात टाळ्या घेतलेला माणूस, आणि स्वतःच्या देशाच्या कागदावर त्याला रकानाच नाही! हा अपमान त्याने नुसता मनात ठेवला नाही, त्यातून काम उभं केलं. चित्रकारांना अकॅडमी होती, तिथून बाहेर पडलेल्याला 'स्वतंत्र कलावंत' असा कायदेशीर दर्जा मिळत होता. संगीतकाराला तो नव्हता. आणि दर्जा नाही म्हणजे तेव्हाच्या रशियात डोईपट्टी होती, सैन्यभरतीची टांगती तलवार होती. मग संगीत कोण करणार? एक तर हौशी उमराव किंवा बाहेरून आणलेले जर्मन आणि इटालियन. 1861 मध्ये त्याने एका नियतकालिकात हेच लिहिलं आणि हौशी लोकांवर कडक टीका केली. त्यावरून केवढा गदारोळ झाला!

कॉन्झर्व्हेटरीचं मूळ या दर्जाच्या प्रश्नात आहे. शिकवण्याची हौस, नाव कमवायची इच्छा हे सगळं असेलच, पण पोटापाण्याला लावणारा आणि समाजात ताठ मानेने उभं राहू देणारा कागद संगीतकाराच्या हातात यावा, हा त्यातला गाभा होता. त्या कागदामागे मग अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षक आणि इमारत आली. संस्था काढणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, आधी इमारत आणि मग तिच्यात काय करायचं याचा शोध.

पाठीशी ग्रँड डचेस येलेना पावलोव्ना उभी होती. मूळची जर्मन राजकन्या, झारची काकू, शिकलेली आणि हट्टी बाई. तिने 1850 च्या दशकाच्या सुरुवातीलाच रुबिनस्टाइनला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. तिच्या घरी पाहुण्यांसमोर वाजवायचं, हे त्याला नोकरासारखं वाटायचं, आणि तरी त्याने ते केलं. 1856-57 च्या हिवाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या नीस शहरात तिच्या मुक्कामी या योजनेची बोलणी झाली. 1859 मध्ये रशियन म्युझिकल सोसायटी स्थापन झाली. तोवर जाहीर मैफलींवर शाही नाट्यगृहांचा ताबा होता आणि त्यांचा हंगाम मुख्यतः लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासाच्या दिवसांतला, कारण तेव्हा नाटकं बंद असायची. सोसायटीमुळे हंगामभर नेमाने मैफली होऊ लागल्या. वर्ग आधी येलेना पावलोव्नाच्या राजवाड्यातच भरले आणि सप्टेंबर 1862 मध्ये कॉन्झर्व्हेटरी रीतसर सुरू झाली.

शिक्षकांची यादी बघा. पियानोला लेशेटिझ्की, व्हायोलिनला विएन्याव्स्की, सिद्धान्ताला झारेम्बा. रुबिनस्टाइन स्वतः संचालक, शिवाय पियानो शिकवणार, वाद्यरचना शिकवणार, विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद बसवणार. आणि सिद्धान्त रशियन भाषेत शिकवायचा, हा त्याचा आग्रह. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तोवर हार्मनी शिकायची तर जर्मनमधूनच, रशियनमध्ये शब्दच रुळलेले नव्हते. मातृभाषेतून सूक्ष्म तांत्रिक गोष्ट शिकवायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला हे काम किती अवघड आहे ते कळेल.

पहिल्याच तुकडीत न्याय मंत्रालयातला एक तरुण कारकून होता, प्योत्र चायकोव्हस्की, पुढचा जगप्रसिद्ध संगीतकार. त्याने 1863 मध्ये नोकरी सोडली, विद्यार्थी वाद्यवृंदात बासरी वाजवली. रुबिनस्टाइनने एकदा वर्गाला एक थीम (मूळ चाल) देऊन तिच्यावर व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदललेली रूपं, लिहून आणायला सांगितली. जमेल तेवढी, डझनभर वगैरे, अशी अपेक्षा. चायकोव्हस्की दोनशेच्या वर घेऊन आला. 1865 च्या अखेरीस तो उत्तीर्ण झाला आणि लगेच निकोलाय रुबिनस्टाइनने त्याला मॉस्कोला शिकवायला बोलावून घेतलं, जिथे 1866 मध्ये दुसरी कॉन्झर्व्हेटरी उघडली. म्हणजे चार वर्षांत एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला शिक्षक पुरवायला सुरुवात केली. संचालक म्हणून मला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र सुचत नाही.

आता मूळ प्रश्न. या धावपळीत रचनांचं काय झालं?

वाद्यांसाठीची त्याची सर्वोत्तम मोठी रचना म्हणावी असा चौथा पियानो कॉन्चेर्टो, डी मायनर, ओपस (रचनाक्रमांक) 70, हा 1864 चा आहे. म्हणजे कॉन्झर्व्हेटरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, जेव्हा तो सगळ्यात जास्त दमलेला असणार. आणि 'मेलडी इन एफ', जी जगभरच्या मुलांनी वाजवली, ती 1852 ची, संस्था नव्हती तेव्हाची. 1867 मध्ये संचालक मंडळाशी बिनसलं आणि त्याने राजीनामा दिला. त्यानंतर वीस वर्षं तो मोकळा होता. त्या वीस वर्षांत 'द डीमन' हा ऑपेरा आला, 1875 मध्ये मारिन्स्की थिएटरमध्ये रंगमंचावर आला आणि रशियात टिकला. पण त्याच मोकळ्या वर्षांत कितीतरी ऑपेरा आले जे आज कुणाला आठवत नाहीत. वेळ हा प्रश्न असता, तर मोकळ्या वेळात दर्जा चढायला हवा होता. तसं झालं नाही.

खरी गोम 'ओशन' सिम्फनीत दिसते. 1851 मध्ये ती चार मूव्हमेंटची (भागांची) होती आणि तिच्यात खरोखर वारा भरलेला आहे. 1863 मध्ये त्याने तिला आणखी दोन मूव्हमेंट जोडल्या. 1880 मध्ये आणखी एक. सात झाल्या! जुन्या रचनेकडे परत वळला की तो छाटत नसे, भर घालत असे. त्याला लिहिणं अगदी सहज जमायचं, आणि सहज जमणाऱ्या माणसाला खोडायचा कंटाळा असतो. पियानोवर तो एका रात्रीत चुकून पुढच्या रात्री सुधारू शकत होता, मैफलीचा स्वभावच तो. कागदावर उतरलेली रचना मात्र पुन्हा पुन्हा हात फिरवून मागते. चौथ्या कॉन्चेर्टोला त्याने तो हात दिला, अनेकदा दुरुस्त केला, अंतिम रूप 1872 मध्ये छापलं. म्हणून तो जिवंत आहे, असं मला वाटतं.

'मेलडी इन एफ' तुमच्याकडे असेल तर पुन्हा उघडून बघा, इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातलं कसब दिसेनासं झालंय. चाल मधल्या पट्टीत आहे आणि ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांत वाटलेली आहे, एक सूर डाव्या अंगठ्याचा, पुढचा उजव्याचा. डाव्या हाताची बाकीची बोटं खाली बास धरतात, उजव्याची वर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) देतात. ऐकणाऱ्याला तीन हात वाटायला हवेत आणि गाणारा एकच गळा. माझे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हमखास प्रत्येक अंगठ्याला स्वतंत्र धक्का देतात आणि चालीचे तुकडे पडतात. मग मी त्यांना नुसती चाल एकाच हाताने वाजवायला लावते, गायला लावते, आणि तोच श्वास दोन अंगठ्यांत आणायला सांगते. ज्याने ही रचना केली त्याला पियानो म्हणजे गाणं वाटत होतं.

पैशाची बाजूही बघितली पाहिजे, कारण ती वादक, संगीतकार आणि प्रशासक या तिन्ही भूमिकांना बांधणारी दोरी आहे. 1872-73 मध्ये तो अमेरिकेला गेला, विएन्याव्स्कीसोबत, पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीच्या पुढाकाराने. 239 दिवसांत 215 कार्यक्रम. दर कार्यक्रमाला 200 डॉलर, तेही सोन्यात, कारण तिथल्या बँकांवर त्याचा विश्वास नव्हता. कधी एका दिवसात दोन शहरं. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी अवस्था झाली. अशा गुलामीत कलेला जागाच उरत नाही, माणूस यंत्र होतो, असं त्याने नंतर लिहून ठेवलं आणि पुन्हा तसा करार केला नाही. पण त्या पैशाने तो पहिल्यांदा निश्चिंत झाला, सेंट पीटर्सबर्गजवळच्या पीटरहोफला घर घेतलं. ज्यांना वाटतं की संस्थेने त्याचा वेळ खाल्ला, त्यांनी हे 239 दिवसही त्याच हिशेबात धरावेत.

वादनाचं शिखर मात्र पुढे आहे. 1885-86 च्या हंगामात त्याने सात 'ऐतिहासिक मैफली' केल्या: जुन्या इंग्लिश कीबोर्ड संगीतापासून समकालीन रशियन रचनांपर्यंत पियानोचा सगळा इतिहास सात संध्याकाळींत. पीटर्सबर्ग, मॉस्को, व्हिएन्ना, बर्लिन, लंडन, पॅरिस अशा शहरांत ही मालिका झाली. दुसरी संध्याकाळ फक्त बीथोव्हेनची: 'मूनलाइट', 'टेम्पेस्ट', 'वाल्डस्टाइन', 'आपासिओनाता', आणि शेवटच्या सोनाटांपैकी ओपस 111 पर्यंत, एकूण आठ सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या, अनेक भागांच्या रचना) एका बैठकीत. मी तरुणपणी यांतले तीन सोनाटा एका कार्यक्रमात वाजवले होते आणि तिसऱ्याच्या वेळी डोकं सुन्न झालं होतं. आठ म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. मॉस्कोत विद्यार्थ्यांसाठी तो हीच मैफल दुसऱ्या दिवशी फुकट वाजवायचा. तिथे बसलेल्या मुलांत पुढे मोठा पियानोवादक आणि संगीतकार झालेला रखमानिनॉव्ह होता.

मला या मैफलींत प्रशासकच दिसतो. अभ्यासक्रम आखणारा, पिढीला सगळा वारसा एकदा तरी कानांवर पडावा म्हणून धडपडणारा माणूस. रुबिनस्टाइन शोपँच्या बी फ्लॅट मायनर सोनाटातली अंत्ययात्रा (फ्यूनरल मार्च) वाजवताना मधला भाग संपल्यावर मार्च एकदम प्रचंड आवाजात परत आणायचा आणि मग हळूहळू विझवत न्यायचा, जणू मिरवणूक समोरून जाऊन दूर गेली. शोपँने छापील प्रतीत असं काही सांगितलेलं नाही. पण रखमानिनॉव्हचं 1930 चं ध्वनिमुद्रण ऐका, तिथे तीच मिरवणूक त्याच पद्धतीने जाते.

विरोधकांचं सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. समीक्षक स्तासोव्ह, संगीतकार बालाकिरेव्ह आणि त्याचं मित्रमंडळ यांना कॉन्झर्व्हेटरी म्हणजे जर्मन साचा वाटत होती. साच्यातून निघालेले संगीतकार रशियन उरणार नाहीत, ही त्यांची भीती. बालाकिरेव्हने 1862 मध्येच वृंदगायनाचा दिग्दर्शक लोमाकिन याच्याबरोबर वेगळी मोफत संगीतशाळा काढली. रुबिनस्टाइननेही स्वतःहून वाद ओढवून घेतला होता, 1855 मध्ये व्हिएन्नाच्या एका नियतकालिकात रशियन संगीतकारांवर लेख लिहून त्याने ग्लिंकालाही दुखावलं. ही त्याची मोठी चूक होती. संस्था काढायची तर ज्यांच्या मुलांना शिकवायचं त्यांना आधी परकं करू नये. पण पुढे काय झालं? 1871 मध्ये बालाकिरेव्हच्याच गोटातला संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाला आणि शिकवता शिकवता स्वतः काउंटरपॉइंट पहिल्यापासून शिकला. आज ती संस्था त्याच्या नावाने ओळखली जाते.

1887 मध्ये रुबिनस्टाइन पुन्हा संचालक झाला. कच्च्या विद्यार्थ्यांना बाहेर काढलं, काही शिक्षकांना घरी पाठवलं, परीक्षा कडक केल्या, स्वतः पियानोच्या वाङ्मयावर व्याख्यानं देत वाजवून दाखवायला लागला. मग वरून फर्मान येऊ लागलं की प्रवेश आणि बक्षिसं गुणांवर न देता वंशाच्या ठरावीक प्रमाणात द्यावीत. त्यात ज्यू विद्यार्थ्यांची संख्या दाबायची होती. 1891 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि जर्मनीत ड्रेस्डेनला निघून गेला. ज्याचा जन्म ज्यू घरातला, ज्याला आयुष्यभर जर्मन रशियन म्हणाले आणि रशियन जर्मन, त्याने हे मान्य करणं शक्यच नव्हतं.

इथे माझा एक अनुभव सांगते. मी ज्या संस्थेत होते तिथे एकदा मंडळाने एका अर्जदाराला परीक्षेशिवाय घ्यायला सांगितलं. मी वाद घातला, पण शेवटी सही केली, कारण त्या वर्षी नवा पियानो मंजूर करून घ्यायचा होता. ज्या मुलीची जागा गेली तिचं वाजवणं मला अजून आठवतं. म्हणून 1891 चा तो राजीनामा मला त्याच्या कुठल्याही सिम्फनीपेक्षा मोठा वाटतो, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

ड्रेस्डेनला त्याने खाजगी विद्यार्थी एकच घेतला, योसेफ हॉफमन. कोवळ्या वयाचा हा मुलगा बर्लिनहून यायचा आणि रुबिनस्टाइन राहत होता त्या हॉटेलात धडा व्हायचा, एकूण बेचाळीस धडे. एकच रचना दुसऱ्यांदा आणायची नाही, असा नियम. एका अवघड जागी कुठली बोटं वापरू, असं मुलाने विचारलं तर उत्तर आलं, नाकाने वाजव हवं तर, पण चांगलं वाजलं पाहिजे. बोटं पियानोच्या पट्ट्यांना लागण्याआधी लय, स्पर्श आणि पहिला सूर मनात पक्का हवा, हेही तिथलंच. मी आजही पहिल्या धड्यात हेच सांगते, मुलांना ते कुणाचं आहे हे माहीत नसतं. 1894 च्या नोव्हेंबरमध्ये रुबिनस्टाइन पीटरहोफला वारला.

तुम्हाला त्याला ऐकायचं असेल तर सुरुवात चौथ्या कॉन्चेर्टोने करा, आणि ध्वनिमुद्रण हॉफमनचं घ्या. 28 नोव्हेंबर 1937, न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊस, हॉफमनच्या अमेरिकेतल्या पदार्पणाला पन्नास वर्षं झाल्याचा कार्यक्रम. तारीख रुबिनस्टाइनच्या वाढदिवसाचीच. हॉफमन तेव्हा फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटचा संचालक होता, टोपणनावाने रचनाही करायचा. फ्रिट्झ रायनरच्या हाताखाली साथीला जो वाद्यवृंद आहे, तो त्याच्याच शाळेतल्या मुलांचा आहे. दुसरी मूव्हमेंट सुरू झाली की आवाज थोडा वाढवा.